खिडकीबाईची डावी बाजू

इस्पितळात तिला सगळे खिडकीबाई म्हणत. मुख्य दारातून आत आलं की समोर चौकशीची खिडकी, आणि खिडकीमागे एकोणीस वर्षं तीच. कोण कुठल्या वॉर्डात आहे, रक्त कुठे तपासतात, डॉक्टर किती वाजता येतात, लिफ्ट बंद असेल तर जिना कुठे, सगळं तिच्याकडून कळायचं. ती रजेवर गेली की लोक बदलीवर बसलेल्या माणसाला विचारत, "आज खिडकीबाई नाहीत का?" जणू ती खिडकी पिशवीत घालून घरी घेऊन गेली होती.

ती कामाला लागली तेव्हा तिच्याआधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या मोठ्या बाईंनी जाता जाता एकच गोष्ट शिकवली होती. "आधी हसायचं, मग सांगायचं. इथं येणारा माणूस आधी तुझं तोंड वाचतो. तू बोलायच्या आत त्यानं निम्मं ठरवून टाकलेलं असतं. तोंडावर काही वाईट दिसलं नाही, की मग त्याचे कान उघडतात."

ती तसंच करत आली. आधी हसू, मग रजिस्टर, मग बोट, मग शब्द. हसू मोठं नसायचं. दार लोटून ठेवावं आणि आत यायचं की नाही ते समोरच्यावर सोडावं, एवढंच.

मग एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळालं. तिनं आरशात पाहिलं. अर्धा चेहरा तिचा होता. उरलेला अर्धा कुणाला तरी भाड्यानं दिल्यासारखा, ओळख न दाखवता तिच्याकडे बघत होता. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे, जिवाला धोका नाही, बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतं. तिचं झालं नाही. उजवा डोळा थोडा मिटायला लागला, गाल थोडा हलायला लागला, आणि तिथेच थांबला. आता ती हसली की डावी बाजू वर जायची, उजवी जागच्या जागी राहायची, आणि मधे ओठ तिरके ओढले जायचे. मनात असायचं "या, बसा", आणि तोंडावर उमटायचं "बघा, आला शहाणा".

घरी सुरुवातीचे दिवस गमतीचे गेले. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. जेवताना तो घास हातात धरून विचारी, "अगं, हसतेस की रागावलीस? तेवढं सांग, म्हणजे मला पुढचं बोलता येईल."

"रागावले असते तर तुम्हाला पुढचं बोलायला मिळालं असतं का?"

"तेही खरं. तू मनावर घेऊ नकोस. चेहऱ्यात काय आहे? मी तर शिकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतच नाही. माणूस घाबरला की आधी त्याच्या पायाला कळतं. चेहरा शांत, आणि पाय क्लचवर थरथरतोय. पाय बघावेत माणसाचे."

"माझ्या खिडकीतून पाय दिसत नाहीत," ती म्हणाली.

कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंनी तोंड घातलं. "एकोणीस वर्षं मला वाटायचं, ही मनातून मला हसते. आता नुसतं दिसायला लागलं. माझ्या दृष्टीनं काही फरक पडला नाही, बाई."

त्यावर ती इतकी हसली, की उजव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. तो डोळा पाणी थोपवून धरत नसे. सासूबाई गडबडल्या. हसते की रडते, त्यांना कळेना. त्या उठून तिच्या डाव्या बाजूला येऊन बसल्या आणि जरा वेळानं म्हणाल्या, "इकडून बोलत जा माझ्याशी. ही बाजू अजून घरातली आहे."

तिनं ते ऐकलं आणि सोडून दिलं.

खिडकीवर मात्र गंमत नव्हती. साथीच्या दिवसांत तिथे जाड काच बसवली होती. साथ गेली, काच राहिली. छातीच्या उंचीवर जाळी लावलेलं एक भोक बोलण्यासाठी, आणि खाली कागद सरकवायला अर्धगोल फट. उंच माणसाला वाकावं लागे, बुटक्याला टाचा उंचवाव्या लागत. जाळीतून आवाज जायचा तोही तळलेला, कडकडीत. पण चेहरा काचेतून स्वच्छ दिसायचा. आवाज अर्धा आणि चेहरा अख्खा, अशी ती काच होती. पूर्वी त्यानं बिघडत नव्हतं. आता बिघडायला लागलं. माणसं तिच्याकडे बघत, दचकत, आणि मान वळवून मागच्याशी कुजबुजत. एक बाई सरळ म्हणाली, "आमचा जीव टांगणीला लागलाय, आणि ही हसतेय बघा." एकानं काचेवर मूठ आपटली.

ती हसणं थांबवू शकली असती. दोन दिवस थांबवूनही पाहिलं. पण न हसता बोलायला गेली की वाक्य कुठून सुरू करायचं तेच सुचेना. एकोणीस वर्षांत हसू हा तिच्या वाक्यातला पहिला शब्द झाला होता.

आणि मग अधीक्षकांनी बोलावून तिच्यासमोर एक कागद ठेवला.

तक्रार एका म्हाताऱ्याची होती. पहाटे बायकोला वॉर्डात दाखल केलं. तो घरी जाऊन तिचे कपडे घेऊन आला, तर खाट रिकामी. तो धावत चौकशीच्या खिडकीशी आला. खिडकीवरच्या बाईनं रजिस्टर पाहिलं, कुत्सितपणे हसली, आणि काहीतरी पुटपुटली. त्यावरून जे समजायचं ते तो समजला. मागच्या आवारात जिथे प्रेतं ठेवतात, त्या इमारतीच्या पायरीवर तो तासभर बसून राहिला. तिथल्या पहारेकऱ्यानं नाव विचारलं, आत यादी पाहिली, आणि मग त्याला हाताला धरून दुसऱ्या मजल्यावर नेलं. बायको तिथे जिवंत होती. आता तर बरी होऊन घरीही आली होती. पण तो तास त्याला कुणी परत देणार नव्हतं. असं त्यानं लिहिलं होतं, शेवटचं वाक्य दोनदा.

"ही चौथी तक्रार," अधीक्षक म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. वाईट बातमी देताना ते पेनाचं टोपण उघडझाप करत, एवढंच. "आधीच्या तीन मी दाबल्या. ही दाबता येणार नाही. गुरुवारी त्यांना बोलावलंय, तुम्हीही या. नाहीतर... खाली रेकॉर्ड रूममध्ये जागा आहे. काम हलकं आहे. कुणाशी बोलायचं नाही."

टोपण उघडलं, मिटलं. तळघरात बदलीचा हुकूम टाइप झालेला होता. टेबलावर उलटा पडलेला तिला वाचता आला. सही तेवढी राहिली होती.

रेकॉर्ड रूम तळघरात होती. तिथे मेलेल्या आणि बऱ्या झालेल्या माणसांचे कागद एकाच दोरीनं बांधून ठेवत. तिथं गेलेला माणूस निवृत्तीच्या दिवशीच वर यायचा, डोळे बारीक करत. चेहरा नीट नसलेल्या माणसासाठी योग्य जागा, असं कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

त्या रात्री नवरा म्हणाला, "मी येऊ का गुरुवारी?"

"येऊन काय करणार? साहेबांचे पाय बघणार?"

तो हसला नाही. त्यानं नुसता तिचा डबा उचलून धुतला. ते काम तो कधी करत नसे, म्हणून तिला सगळं कळलं.

तिला तो म्हातारा आठवत नव्हता. तो प्रसंगही नाही. दिवसाला तीनशे माणसं. पण गुरुवारी अधीक्षकांच्या खोलीत शिरताना तिची नजर सवयीनं आधी हातांवर गेली. काच बसल्यापासून माणसं तिच्यापर्यंत हातांनी येत. फटीतून आधी हात, मग कागद, मग आवाज. टेबलावर बोटं वाजवणारे हात, दोन्ही पंजांत चिठ्ठी पकडणारे हात, काचेवर घामाचा ठसा ठेवून जाणारे. आणि हे हात तिनं ओळखले. बोटांची टोकं चपटी, जाड. एका अंगठ्याचं नख काळं. त्या दिवशी या हातांत कपड्यांची पिशवी होती, फटीपाशी टेकवलेली. तिला सगळं आठवलं. ती काय बोलली तेही, शब्दन् शब्द.

म्हातारा ताठ बसला होता. इस्त्रीचा सदरा, वरच्या गुंडीपर्यंत बंद. उजव्या हाताला त्याची बायको, आजारानं वाळलेली, पण नजर तरतरीत. दोघांच्या मांड्यांवर मिळून एकच पिशवी होती. कोपऱ्यात कारकून लिहायला बसला होता.

"किती वाजता आलात तुम्ही खिडकीशी?" अधीक्षकांनी म्हाताऱ्याला विचारलं.

"अकराच्या सुमाराला," बायको म्हणाली.

"त्यांना बोलू द्या, आजी. तुम्ही तर तेव्हा वर होतात." अधीक्षक पुन्हा त्याच्याकडे वळले. "खिडकीवर याच बाई होत्या?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. हो.

"तुम्हाला शिवीगाळ केली का?"

नाही, अशी मान.

"हसल्या?"

हो.

प्रत्येक उत्तर क्षणभर उशिरानं येत होतं. आणि त्या क्षणात पिशवीखाली काहीतरी हलत होतं. तिनं नीट पाहिलं. बायकोचा हात नवऱ्याच्या मनगटावर होता. एकदा दाबलं की हो. दोनदा दाबलं की नाही. म्हातारा अधीक्षकांच्या तोंडाकडे बघत होता खरा, पण ऐकत होता मनगटानं.

"बाई," अधीक्षक तिच्याकडे वळले, "तुम्ही हसलात की नाही?"

"हसले."

टोपण मिटलं. "झालं तर मग." त्यांनी वाईट वाटल्याचा सुस्कारा टाकला, आणि कर्तव्य म्हणून म्हाताऱ्याला शेवटचं विचारलं, "आधी हसल्या, की आधी बोलल्या?"

बोटं थांबली. या प्रश्नाला एक दाब पुरत नव्हता आणि दोनही पुरत नव्हते. म्हातारा थोडा थांबला. मग त्यानं ठामपणे मान हलवली. हो.

"हो काय, हो? आधी काय?"

हो.

कारकुनानं मान वर केली. म्हाताऱ्याच्या मानेवर घाम दिसायला लागला, बंद गुंडीच्या वर. त्याला कळलं होतं की काहीतरी चुकलं, पण काय ते कळत नव्हतं. पूर आल्यावर माणूस छपरावर चढून बसतो तसा तो आपल्या ताठ पाठीवर बसून होता. बायकोनं मान फिरवून खिडकीबाईकडे पाहिलं. या बाईनं पिशवीखालचं पाहिलंय, हे तिनं ओळखलं होतं. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि विनवणी करावी लागल्याचा रागही.

एक वाक्य पुरे होतं. "साहेब, यांना ऐकू येत नाही." तेवढ्यानं सगळी फाइल उलटली असती. हुकूम फाटला असता, खिडकी परत मिळाली असती. वाक्य जिभेवर येऊन उभं होतं, पूर्ण, व्याकरणशुद्ध. पण तिनं ते काळं नख पाहिलं. या माणसानं आपलं बहिरेपण किती वर्षं असं गुंड्या लावून ठेवलं असेल, आणि त्यासाठी ही बाई किती वर्षं त्याच्या उजव्या हाताला चालली असेल. आपलाही अर्धा चेहरा असाच तर सगळ्यांसमोर उघडा पडलाय, तिच्या मनात आलं. दुसऱ्याला उघडं करून आपल्याला काय झाकता येणार?

"साहेब," ती म्हणाली, "त्या दिवशी मी जे बोलले ते यांना एकदा परत सांगू का?"

"सांगा ना."

"इथून नाही."

ती उठली. टेबलाला वळसा घालून बायकोपुढे उभी राहिली. बायकोनं मनगट सोडलं, पिशवी उचलली, हळूच उठली, आणि बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली. खिडकीबाई तिच्या जागेवर बसली, म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला, त्याच्या ज्या कानाशी बायको बोलत असणार त्या कानाशी. आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं: अशी शेजारी बसलं, की त्याच्याकडे होते ती आपली डावी बाजू. घरातली बाजू.

तिनं आधी हसून घेतलं. या बाजूनं ते हसू जसं असायला हवं तसं होतं. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन, घाई न करता, ती म्हणाली, "तुमच्या बायकोला वर नेलंय. दुसरा मजला, डाव्या हाताला. ती शुद्धीवर आहे. घाबरू नका. जिना चढून जा, ती तुमचीच वाट बघत असेल."

 म्हाताऱ्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, जवळून. आधी डावी बाजू पाहिली, मग पुढे वाकून उजवी. निर्जीव गाल, अर्धवट मिटणारा डोळा. खूप वेळ पाहिलं. एखादा जोड कुठे निसटला ते शोधणाऱ्या कारागिराची नजर होती ती.

"हे बोलला होतात तुम्ही?" बहिरी माणसं बोलतात तसा त्याचा आवाज मोठा होता. खोलीभर घुमला.

"हेच."

"आणि हे तोंड तुम्ही मुद्दाम नव्हतं केलं?"

"नाही. हे असंच आहे. पाच महिने झाले."

"अरे!" तो म्हणाला. नुसतं "अरे". मग तो उभाच राहिला आणि अधीक्षकांकडे वळला. "लिहा. मला ऐकू येत नाही. तीस वर्षं बॉयलरच्या पोटात बसून हातोडा मारलाय मी. या कानानं थोडं येतं, त्या कानानं काही नाही. आजवर हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं, आता झालं. लिहिलंत?"

कारकुनानं भराभर लिहिलं. बायकोनं रुमालानं तोंड झाकलं होतं, पण ती रडत नव्हती. तिचे खांदे हसत होते.

"म्हणजे तक्रार मागे घेताय तुम्ही," अधीक्षक सुटकेनं म्हणाले. त्यांनाही ते जाळीतून ओरडल्यासारखं ओरडावं लागलं.

"मागे? मागे कशाला? तो तास माझा गेलाच ना! तक्रार राहू द्या. नाव बदला."

"कुणाचं घालू?"

"काचेचं. आवाज अडवते आणि तोंड तेवढं दाखवते. असली काच मी बॉयलरला नसती लावू दिली."

"काचेवर तक्रार घालता येत नाही, आजोबा. तसा नमुना नाही."

"का? ती इस्पितळाची नाही? तिला जागा कुणी दिली? तिला पाठवा तळघरात!"

तळघराचं त्याला कसं कळलं? तोही टेबलावरचा उलटा कागद वाचत बसला होता. ज्याला ऐकू येत नाही तो असलं सगळं वाचतो. कारकून खो खो हसायला लागला, आणि मग अधीक्षकांनाही आवरेना. त्यांनी तो टाइप केलेला हुकूम सरळ केला, त्यावर तिरपं "रद्द" लिहिलं, आणि खाली सही केली. टोपण उघडं असण्याचा त्यांना पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाईनं कुणाला न विचारता आपलं टेबल फिरवलं. खुर्ची भिंतीकडे, रजिस्टर समोर, आणि डावा खांदा खिडकीला लागून. बोलायचं झालं की ती डावा गाल जाळीपाशी नेई. पंधरा दिवसांनी, काचेवरच्या तक्रारीचा कागद सगळ्या टेबलांवरून फिरून आल्यावर, काच काढायला दोन सुतार आले. त्यांच्याआधी म्हातारा हजर होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कुठला स्क्रू आधी सोडायचा यावरून त्यानं त्या दोघांशी मनसोक्त भांडण केलं. त्यांची उत्तरं त्याला ऐकू येत नव्हती, त्यामुळे तो जिंकला. काच निघाली तेव्हा पलीकडून बाहेरची हवा आत आली, औषधांच्या वासाची, माणसांच्या घामाची, आणि रांगेतला सगळा गलबला एकदम तिच्या अंगावर कोसळला. तीन वर्षांत तिनं तो इतका जवळून ऐकला नव्हता. घरी जाऊन काचेचं आणि फिरवलेल्या टेबलाचं सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता लोकही माझ्यासारखे डावीकडूनच येणार. सूनबाईला वाटून घ्यायची वेळ आली म्हणायची."

काच निघालेल्या पहिल्याच सकाळी एक तापट माणूस फळीवर कोपरं टेकून गरजला, "अहो बाई, लोक उभे आहेत, आणि तुम्ही तोंड फिरवून काय बसलात?"

"फिरवून नाही बसले," ती म्हणाली. "तुमच्याकडे करून बसले आहे. विचारा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि विचारलं, बऱ्याच खालच्या आवाजात.

त्याच्यामागे तो म्हातारा होता, बायकोला तपासणीला घेऊन आलेला. बायको उजव्या हाताला. आज गुंडी उघडी होती.

"कशा आहेत या? बऱ्या?" खिडकीबाईनं विचारलं, त्याला ओठ दिसतील असं.

बायकोचा हात पिशवीवरच राहिला, मनगटावर गेला नाही. म्हाताऱ्यानं त्या काळ्या नखाचा अंगठा खिडकीच्या लाकडी फळीवर टेकवला, आणि एकदाच, जोरात दाबला.

"जा मग," खिडकीबाई तोंडभर हसली, दोन्ही बाजूंना जसं उमटेल तसं. "पहिला मजला, उजव्या हाताला. पुढे या, कोण आहे?"